शीर्षक २८१२ : अधातूंची हॅलाइडे आणि सीमाशुल्क वर्गीकरण

शीर्षक २८१२ हे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसूत्रित वर्गीकरण पद्धतीतील एक चार अंकी शीर्षक असून त्याखाली अधातूंची हॅलाइडे व हॅलाइड ऑक्साइडे मोडतात. ही पद्धती व्यापारी व्यवहारात ‘एच.एस. कोड’ या नावाने ओळखली जाते. फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, सिलिकॉन टेट्राक्लोराइड, बोरॉन ट्रायफ्लोराइड, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड व सल्फर हेक्झाफ्लोराइड ही या शीर्षकाखालील काही महत्त्वाची संयुगे होत. औषधे, कीटकनाशके, रंग, सौर विद्युत घट, संगणकाच्या चिप आणि विजेची उपकेंद्रे या सर्वांना त्यांतील कोणते ना कोणते संयुग लागते. त्यांपैकी काहींचा संबंध रासायनिक अस्त्रांशी, तर काहींचा पृथ्वीच्या तापमानवाढीशी आहे. त्यामुळे वरकरणी केवळ कर-आकारणीपुरता वाटणारा हा क्रमांक गेल्या दशकात आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय बनला आहे. कोणत्या संयुगाला स्वतंत्र ओळ मिळते आणि कोणते ‘इतर’ या ओळीत राहते, हे रसायनशास्त्रापेक्षा राष्ट्राराष्ट्रांमधील करारांवर अधिक अवलंबून असते, हे या शीर्षकाच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

== संज्ञा ==

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन ही हॅलोजन गटातील परिचित मूलद्रव्ये. ‘हॅलोजन’ हा शब्द मीठ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘मीठ घडविणारे’ असा होतो. हॅलोजनाचा दुसऱ्या मूलद्रव्याशी संयोग होऊन जे संयुग बनते, ते हॅलाइड. स्वयंपाकघरातील मीठ हे सोडियम या धातूचे क्लोराइड आहे, आणि शाळेत ‘क्लोराइड’ म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे असाच पांढरा, पाण्यात निमूटपणे विरघळणारा स्फटिक उभा राहतो. अधातूंच्या हॅलाइडांचा स्वभाव मात्र निराळा असतो. त्यांतील पुष्कळशी द्रव किंवा वायुरूप असतात आणि अनेकांची पाण्याशी गाठ पडताच तीव्र विक्रिया होऊन दाहक धूर निघतो. हॅलोजनाबरोबर ऑक्सिजनही असेल, तर त्या संयुगास हॅलाइड ऑक्साइड म्हणतात. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड व थायोनिल क्लोराइड ही त्याची उदाहरणे.

धातूंच्या हॅलाइडांना या पद्धतीत वेगळी शीर्षके आहेत : फ्लोराइडांना २८२६ आणि क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड यांना २८२७. म्हणून एखादे हॅलाइड २८१२ मध्ये जाते की नाही, हे ठरविताना पहिला प्रश्न उद्भवतो तो हा, की त्यातील दुसरे मूलद्रव्य धातू आहे की अधातू. (मराठीच्या विद्यार्थ्याला येथे थोडी मौज वाटेल; कारण व्याकरणातील ‘धातू’ हा क्रियापदाचे मूळ असतो, आणि त्याचे गण ठरवितानाही वैयाकरणांचे असेच वाद झाले आहेत.)

== धातू की अधातू ==

सोने धातू आणि गंधक अधातू, येथवर कोणाचा मतभेद नाही. अडचण सीमेवरच्या मूलद्रव्यांची. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी व टेल्यूरियम यांना पाठ्यपुस्तके ‘धातुसदृश’ असे तिसरे नाव देऊन मोकळी होतात. सीमाशुल्क अधिकाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यापुढील दस्तऐवजावर एकच क्रमांक लिहावयाचा असतो. ‘थोडे हे, थोडे ते’ असे लिहून चालत नाही.

या पेचाचे उत्तर पद्धतीतच दडलेले आहे. शीर्षक २८०४ हायड्रोजन, निष्क्रिय वायू व इतर अधातू यांचे असून त्यात बोरॉन, टेल्यूरियम, सिलिकॉन, फॉस्फरस, आर्सेनिक व सेलेनियम यांचा समावेश केलेला आहे. अँटिमनी व जर्मेनियम मात्र धातूंच्या विभागात, अनुक्रमे ८११० व ८११२ या शीर्षकांखाली, येतात. अर्थात आर्सेनिक ट्रायक्लोराइड २८१२ मध्ये जाते, तर आवर्तसारणीत आर्सेनिकाच्या अगदी खालच्या घरात बसणाऱ्या अँटिमनीचे ट्रायक्लोराइड २८२७ मध्ये.

याचा व्यवहारातील परिणाम प्रकाशीय तंतूंच्या उद्योगात पाहावयास मिळतो. तंतूची काच सिलिकॉन टेट्राक्लोराइडापासून घडवितात आणि तिचा अपवर्तनांक वाढविण्यासाठी जर्मेनियम टेट्राक्लोराइड वापरतात. दोन्ही द्रव एकाच कारखान्यात येऊन एकाच काचेत मिसळतात; पण पहिल्याचे शीर्षक २८१२, दुसऱ्याचे २८२७. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियम यांच्याशी संबंधित वस्तूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, त्या यादीत जर्मेनियम टेट्राक्लोराइड होते. सिलिकॉनच्या संयुगाला त्याची झळ पोहोचली नाही. चिप-उद्योगातील टंगस्टन हेक्झाफ्लोराइड हा वायूही, टंगस्टन धातू असल्याने, २८२६ मध्ये मोडतो.

== वगळलेली संयुगे ==

हायड्रोजन हा अधातू असूनही त्याची हॅलाइडे येथे नाहीत. हायड्रोजन क्लोराइडाला २८०६ हे स्वतःचे शीर्षक आहे, तर हायड्रोजन फ्लोराइड २८११ मध्ये आहे. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन वस्तूंच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा त्यांतील एक हायड्रोजन फ्लोराइड होती. चिप-उद्योगाच्या संदर्भात तिचा उल्लेख २८१२ मधील वायूंसोबत नेहमी होत असल्यामुळे ती याच शीर्षकाखालील असावी, असा समज होतो. तो बरोबर नाही.

कार्बनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कार्बन अधातू आहे, पण त्याची बहुतेक संयुगे सेंद्रिय म्हणून प्रकरण २९ मध्ये जातात. त्यामुळे कार्बन टेट्राक्लोराइड २९०३ मध्ये मोडते. असे असता फॉस्जीन, म्हणजे कार्बोनिल डायक्लोराइड, २८१२ मध्ये कसे? प्रकरण २८ च्या दुसऱ्या टिपेत कार्बनच्या कोणत्या संयुगांना अकार्बनी प्रकरणात ठेवावयाचे याची मोजकी यादी दिलेली आहे, आणि तीत ‘कार्बनची हॅलाइड ऑक्साइडे’ आहेत. त्याच टिपेनुसार फॉस्जीनमधील ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेले थायोफॉस्जीन मात्र २८५३ मध्ये जाते. नियम तर्कशुद्ध आहे असे नव्हे; तो लिहिलेला आहे, एवढेच.

बोरॉन ट्रायफ्लोराइडावरून तर असे दिसते की, एकच नाव धारण करणारा पदार्थ तीन निरनिराळ्या घरांत जाऊ शकतो. साधा बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू २८१२.९० मध्ये जातो. प्रयोगशाळांत व औषध-उद्योगात तो ईथरशी संलग्न अशा द्रवरूपात वापरतात. ते संयोगज सेंद्रिय धरले जाऊन २९४२ मध्ये जाते. आणि हाच वायू बोरॉन-१० या समस्थानिकाने समृद्ध असेल, तर तो न्यूट्रॉन मोजण्याच्या उपकरणांत कामी येतो. २०२२ च्या आवृत्तीत अशा बोरॉनसाठी व त्याच्या संयुगांसाठी २८४५.२० हे उपशीर्षक निर्माण झाले. समस्थानिके व किरणोत्सारी मूलद्रव्ये यांची शीर्षके इतर सर्व शीर्षकांवर मात करतात, असा सहाव्या विभागाचा पहिलाच नियम आहे.

याखेरीज प्रकरण २८ ची एक सर्वसाधारण अट आहे : संयुग एकेकटे व निश्चित रासायनिक रचनेचे असावे. नैसर्गिक अशुद्धता, वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असा द्रावक किंवा स्थिरीकारक चालतो. पण दोन हॅलाइडांचे हेतुपुरस्सर केलेले मिश्रण या प्रकरणातून बाहेर पडते. तसेच थायोनिल क्लोराइड लिथियमच्या विद्युत घटात भरून आला, तर तो थायोनिल क्लोराइड राहत नाही. ती वस्तू ८५०६.५० मधील लिथियमचा प्राथमिक घट ठरते.

== २०१७ ची फोड ==

सुसूत्रित पद्धतीचा करार १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्स येथे झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. प्रारंभापासून २०१६ अखेरपर्यंत शीर्षक २८१२ खाली अवघ्या दोन ओळी होत्या : २८१२.१० क्लोराइडे व क्लोराइड ऑक्साइडे, आणि २८१२.९० इतर. या रचनेत प्रकाशीय तंतूंसाठी जाणारा सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि पहिल्या महायुद्धात १९१५ च्या डिसेंबरात ईप्र शहराजवळ जर्मनीने ब्रिटिश फौजांवर सोडलेला फॉस्जीन हे एकाच ओळीत होते. एखाद्या देशाच्या आयातीत या ओळीखालील वजन अचानक वाढले, तरी नेमके काय वाढले, हे आकडेवारीवरून सांगता येत नसे.

या अंधुकपणाची किंमत जगाने मोजली होती. इराकने इराणविरुद्धच्या युद्धात रासायनिक अस्त्रे वापरल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तपासणीत १९८४ साली आढळले. त्यांसाठी लागणारा कच्चा माल व सामग्री मोठ्या प्रमाणावर परदेशांतून, सामान्य व्यापारी मार्गांनी आली होती. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९८५ मध्ये निर्यात-नियंत्रणात समन्वय साधणारा ‘ऑस्ट्रेलिया गट’ स्थापन झाला. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे कुर्द नागरिकांवर विषारी वायूंचा हल्ला झाला. पुढे जानेवारी १९९३ मध्ये पॅरिस येथे रासायनिक अस्त्रबंदी करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ पासून तो लागू झाला.

या करारात रसायनांच्या तीन अनुसूची आहेत. पहिलीत प्रत्यक्ष अस्त्रे व ज्यांना शांततामय उपयोग जवळजवळ नाही अशी द्रव्ये आहेत. दुसरीत थोडा औद्योगिक उपयोग असलेली. आणि तिसरीत उद्योगांत मोठ्या प्रमाणावर लागणारी पण अस्त्रांकडेही वळविता येणारी. शीर्षक २८१२ मधील सात संयुगे तिसऱ्या अनुसूचीत आहेत. रासायनिक अस्त्र प्रतिबंध संघटना व जागतिक सीमाशुल्क संघटना यांच्या सहकार्यातून १ जानेवारी २०१७ पासूनच्या आवृत्तीत या सातही संयुगांना स्वतंत्र उपशीर्षके मिळाली. जुनी २८१२.१० ही ओळ रद्द होऊन तिच्या जागी पुढील ओळी आल्या :

* २८१२.११ – कार्बोनिल डायक्लोराइड, म्हणजेच फॉस्जीन
* २८१२.१२ – फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड
* २८१२.१३ – फॉस्फरस ट्रायक्लोराइड
* २८१२.१४ – फॉस्फरस पेंटाक्लोराइड
* २८१२.१५ – सल्फर मोनोक्लोराइड
* २८१२.१६ – सल्फर डायक्लोराइड
* २८१२.१७ – थायोनिल क्लोराइड
* २८१२.१९ – इतर क्लोराइडे व क्लोराइड ऑक्साइडे
* २८१२.९० – इतर, म्हणजे फ्लोराइडे, ब्रोमाइडे व आयोडाइडे

सुसूत्रित पद्धतीतील पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. म्हणून या फोडीनंतर थायोनिल क्लोराइड कोणत्या देशातून कोठे गेले, हे जगातील व्यापार-आकडेवारीत प्रथमच सर्वत्र एकाच ओळीवर वाचता येऊ लागले. निर्यातदार देशाने दिलेला आकडा व आयातदार देशाने दिलेला आकडा शेजारी ठेवून तफावत शोधणेही शक्य झाले.

अशा नोंदींचा उपयोग होतो की नाही, याचे उदाहरण २८१२ मधील नसले तरी जवळचे आहे. २०१४ ते २०१६ या काळात बेल्जियममधून सीरियाला आवश्यक परवान्याविना आयसोप्रोपेनॉल गेले होते. त्याचा माग लागला तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘कॉमट्रेड’ या सार्वजनिक आकडेवारीतून. २०१९ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने तीन कंपन्यांना दोषी ठरविले. हे काम गुप्तहेरांनी नव्हे, तर सर्वांना खुल्या असलेल्या तक्त्यांतील एक ओळ लक्षपूर्वक वाचणाऱ्यांनी केले, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

२०१७ च्या फोडीत एक विसंगती राहिली. आर्सेनिक ट्रायक्लोराइड हे करारातील दुसऱ्या, म्हणजे अधिक कडक, अनुसूचीत आहे. दुसऱ्या अनुसूचीतील रसायने कराराबाहेरच्या देशांशी देण्याघेण्यास २९ एप्रिल २००० पासून बंदी आहे. तिसऱ्या अनुसूचीतील रसायने अंतिम वापराचे प्रमाणपत्र घेऊन पाठविता येतात. असे असूनही आर्सेनिक ट्रायक्लोराइडाला स्वतःची ओळ मिळालेली नाही, ते २८१२.१९ मध्ये, सिलिकॉन टेट्राक्लोराइड व बोरॉन ट्रायक्लोराइड यांच्या गर्दीत, ‘इतर’ म्हणून राहिले. स्वतंत्र ओळ देताना धोक्याबरोबर व्यापाराचे प्रमाणही पाहिले जाते. ज्याचा व्यापार अल्प, त्याच्यासाठी सर्व देशांनी आपली संगणकीय व्यवस्था बदलावी, असा आग्रह धरणे कठीण जाते. सांख्यिकीच्या दृष्टीने हे रास्त आहे. पण अस्त्रांच्या बाबतीत अल्प प्रमाणच चिंतेचे असते, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

== वर्गीकरणाच्या मर्यादा ==

सीमाशुल्काचा क्रमांक वस्तू काय आहे ते सांगतो. ती कशासाठी नेली जात आहे, ते सांगत नाही. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड हे याचे बोलके उदाहरण आहे. सिलिकॉनच्या सौर घटांत फॉस्फरसाचा थर मुरविण्यासाठी ते वापरतात, ज्वालारोधक द्रव्ये व औषधे यांसाठीही लागते, आणि मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या अस्त्रांच्या पूर्वद्रव्यांतही त्याची गणना होते. सौर ऊर्जेचा प्रसार होत असलेल्या देशात त्याची आयात वाढणे स्वाभाविक आहे. तेव्हा २८१२.१२ वरील वाढता आकडा हा संशयाचा पुरावा नव्हे. तो फक्त प्रश्न विचारण्याची जागा दाखवितो.

दुसरी मर्यादा त्याहून गंभीर आहे. क्रमांक लागतो तो सीमा ओलांडणाऱ्या मालाला. फॉस्जीन इतके घातक आहे की ते सहसा जेथे बनते तेथेच वापरले जाते. त्याच्यापासून पॉलियुरेथेन व पॉलिकार्बोनेट यांची पूर्वद्रव्ये होतात. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनविण्यासाठी लागणारे फॉस्जीन कारखान्यातच तयार होत असे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जो अनर्थ झाला, त्याच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, तेथेच फॉस्जीनच्या गळतीने एका कामगाराचा बळी घेतला होता. तो वायू कोणत्याही बंदरातून आला नव्हता आणि कोणत्याही सीमाशुल्क दप्तरात त्याची नोंद होण्याचा प्रश्न नव्हता. अस्त्रबंदी करारात उत्पादनाच्या घोषणेची तरतूद आहे ती याचसाठी. तिसऱ्या अनुसूचीतील रसायन वर्षाला ३० टनांहून अधिक बनविणाऱ्या कारखान्याची माहिती सदस्य देशाला द्यावी लागते. मात्र ही घोषणाही अस्त्रांपुरती आहे. कामगारांच्या व शेजारच्या वस्तीच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध नाही.

== भारतातील व्यवहार ==

भारताने अस्त्रबंदी करार १९९६ मध्ये मान्य केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी रासायनिक अस्त्रबंदी करार अधिनियम, २००० संमत केला. देशातील राष्ट्रीय प्राधिकरण मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत आहे. भारताने स्वतः घोषित केलेला अस्त्रसाठा २००९ पर्यंत नष्ट केला. जानेवारी २०१८ मध्ये भारत ऑस्ट्रेलिया गटाचाही सदस्य झाला.

निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते व ती विदेश व्यापार महासंचालनालयाकडे असते. तिच्या पहिल्या वर्गात विषारी रसायने असून त्यांची मांडणी बरीचशी कराराच्या अनुसूचींना धरून आहे. सीमाशुल्काच्या दरपत्रकात भारत सहा अंकांपुढे आणखी दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक वापरतो. म्हणजे एकाच पिंपावर दोन निरनिराळ्या याद्यांची नजर असते : एक कर व आकडेवारीची, दुसरी परवान्याची. त्या दोन्ही याद्यांची सांगड घालण्याचे काम सहा अंकी क्रमांक करतो. म्हणून तो चुकला तर परवान्याची तपासणीच टळू शकते.

कोकणातील रोहे, महाड व लोटे-परशुराम आणि ठाणे-पालघर पट्ट्यातील अंबरनाथ व तारापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. या पट्ट्यातील मालाचे मुख्य बंदर म्हणजे उरणजवळचे न्हावाशेवा. तेथून थायोनिल क्लोराइडाची पिंपे परदेशी पाठवावयाची असतील, तर शिपिंग बिलावर २८१२.१७ पासून सुरू होणारा क्रमांक, जहाजाच्या धोकादायक मालाच्या कागदांवर संयुक्त राष्ट्रसंघाचा १८३६ हा क्रमांक आणि रासायनिक ओळखीसाठी ‘कॅस’ नोंदणी क्रमांक ७७१९-०९-७, असे तीन क्रमांक एकाच द्रवाचे म्हणून लिहिले जातात. पहिला सांगतो कर व आकडेवारी, दुसरा वाहतुकीतील धोका, तिसरा पदार्थाची ओळख. यांपैकी केवळ तिसराच एका पदार्थाशी काटेकोरपणे बांधलेला असतो. त्यामुळे ‘इतर’ ओळीतील मालासाठी कॅस क्रमांक कागदावर असणे फार उपयोगी पडते.

शंका आल्यास नमुना काढून सीमाशुल्काच्या प्रयोगशाळेकडे धाडतात. हे सांगायला सोपे आहे. थायोनिल क्लोराइड हवेतील दमटपणानेही फुटून हायड्रोजन क्लोराइड व सल्फर डायऑक्साइड हे दोन दाहक वायू बाहेर टाकते. पावसाळ्यातील उरणच्या हवेत असे पिंप उघडणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकाने करावी. म्हणून व्यवहारात कागदपत्रांवर बराच भरवसा ठेवावा लागतो, आणि कागदावरचा क्रमांक ठरविणारा सीमाशुल्क दलाल, ज्याला गोदीत सर्वजण ‘सी.एच.ए.’ म्हणतात, हा या साखळीतील महत्त्वाचा दुवा ठरतो. वर्गीकरणाविषयी आधीच निर्णय हवा असल्यास मुंबई व दिल्ली येथील अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणाकडे जाता येते. चुकीच्या घोषणेवर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार कारवाई होते. हेतू अस्त्रांशी जोडलेला आढळल्यास सामूहिक संहारक अस्त्रांसंबंधीचा २००५ चा स्वतंत्र कायदा लागू होतो.

== ‘इतर’ ओळीतील वायू ==

शीर्षकाची शेवटची ओळ, २८१२.९०, ही आजच्या घडीला कदाचित सर्वांत वादग्रस्त ठरण्याजोगी आहे. पण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सल्फर हेक्झाफ्लोराइड व नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हे दोन वायू या ओळीत मोडतात.

सल्फर हेक्झाफ्लोराइड हा बिनविषारी, न जळणारा आणि विजेला उत्तम अटकाव करणारा वायू आहे. तो भरलेली विद्युत स्विचे व उपकेंद्रे अत्यंत कमी जागेत मावतात. म्हणून मुंबईसारख्या दाटीच्या शहरांत वायुनिरोधित उपकेंद्रांना पसंती मिळते. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड चिप, सपाट पडदे व पातळ थराचे सौर घट बनविणाऱ्या यंत्रांच्या कक्षांची साफसफाई करण्यास लागतो. दोन्ही वायू उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या पाचव्या अहवालानुसार, शंभर वर्षांच्या हिशेबाने, एक किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडाइतके, तर एक किलो नायट्रोजन ट्रायफ्लोराइड १६,१०० किलो कार्बन डायऑक्साइडाइतके तापमान वाढविते. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड मूळ क्योटो करारात नव्हता. २००८ मध्ये प्रेथर व शू या शास्त्रज्ञांनी त्याच्याकडे ‘नजरेतून सुटलेला हरितगृह वायू’ म्हणून लक्ष वेधले आणि २०१२ च्या दोहा दुरुस्तीने तो यादीत आला.

आता याची तुलना शीतकरणातील हायड्रोफ्लोरोकार्बनांशी करून पाहावी. घरगुती फ्रीज व मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांत वापरला जाणारा एच.एफ.सी.-१३४ए हा वायू त्याच अहवालानुसार १,३०० पट तापमान वाढविणारा आहे. म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइडाच्या अठराव्या हिश्श्याइतका. तरीही २०२२ च्या आवृत्तीत त्याला व त्याच्या भावंडांना शीर्षक २९०३ खाली स्वतंत्र ओळी मिळाल्या, त्यांच्या मिश्रणांसाठी ३८२७ हे नवे शीर्षकही उघडले. आणि अठरा पट प्रखर वायू मात्र ‘इतर’मध्येच राहिला.

कारण करारात शोधावे लागते. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हायड्रोफ्लोरोकार्बनांच्या आयात-निर्यातीला परवाना व कोटा लागू केला. परवाना द्यावयाचा तर मोजणी हवी, मोजणी हवी तर ओळ हवी. सल्फर हेक्झाफ्लोराइड व नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांच्या व्यापारावर बंधन घालणारा असा जागतिक करार नाही. हवामान करारांत देश आपापल्या भूमीवरील उत्सर्जनाचा हिशेब देतात; नळकांड्यांतून सीमा ओलांडणाऱ्या वायूचा नव्हे. त्यामुळे या वायूंची मोजणी कारखान्यांनी व वीज कंपन्यांनी दिलेल्या माहितीवर विसंबून राहते आणि ती पडताळण्यासाठी व्यापाराच्या आकडेवारीचा आधार सहा अंकांच्या पातळीवर मिळत नाही.

हा प्रश्न पुढील काळात तीव्र होण्याची चिन्हे आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार १ जानेवारी २०२६ पासून २४ किलोव्होल्टपर्यंतची, फ्लोरीनयुक्त हरितगृह वायू असलेली नवी स्विचे सुरू करण्यास बंदी असून अधिक दाबाच्या उपकरणांसाठी पुढच्या मुदती दिलेल्या आहेत. एका मोठ्या बाजारपेठेत मागणी घटली की तयार उत्पादनक्षमता दुसरीकडे वळते, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे. दुसऱ्या बाजूला भारतात चिप-उद्योगाची उभारणी चालू आहे. गुजरातमधील धोलेरा येथील प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. असे कारखाने सुरू झाल्यावर नायट्रोजन ट्रायफ्लोराइडाची गरज वाढणारच. ती वाढ आयातीच्या तक्त्यात दिसेल, पण बोरॉन ट्रायफ्लोराइड, फॉस्फरस ट्रायब्रोमाइड आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड यांच्या बेरजेत मिसळून.

कोणत्याही देशाला सहा अंकांपुढे स्वतःच्या ओळी पाडण्याचे स्वातंत्र्य आहे. त्यासाठी ब्रुसेल्सच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. भारतात वार्षिक वित्त विधेयकाद्वारे दरपत्रकात असे बदल होत आले आहेत. पण एका देशाची आठ अंकी ओळ दुसऱ्या देशाच्या ओळीशी जुळत नाही, आणि निर्यातदाराचा आकडा आयातदाराच्या आकड्याशी ताडून पाहण्याची जी सोय २०१७ नंतर थायोनिल क्लोराइडाच्या बाबतीत झाली, ती येथे होत नाही. ती हवी असल्यास बदल सहा अंकांच्या पातळीवरच व्हावा लागतो. त्या पातळीवरील आवृत्त्या सुमारे पाच-सहा वर्षांनी निघतात. २०२२ नंतरची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हावयाची आहे.